दिंडीच्या दिवशी रजा नाही

जून उजाडला की आमच्या शाळेत ‘दिंडी ॲक्टिव्हिटी’चं नियोजन सुरू होतं. पुण्यातल्या एका इंटरनॅशनल शाळेत मी मराठी शिकवते, त्यामुळे हे काम आपोआप माझ्याकडे येतं. पालकांच्या ग्रुपवर यादी जाते. मुलांना पांढरा सदरा आणि धोतर, मुलींना नऊवारी, बुक्का ऐच्छिक. धोतर इलॅस्टिकचं मिळतं, नऊवारी शिवलेली. पुठ्ठ्याची तुळशीवृंदावनं वर्गात रंगवली जातात. दिंडी मैदानाला दोन फेऱ्या मारते, फोटो निघतात, राजगिऱ्याचे लाडू वाटले जातात. पुढे दिवाळी, मग सँटा, ईदची असेंब्ली. प्रत्येकाला चाळीस मिनिटं.

यावर दोन टीका नेहमी ऐकू येतात. एक, हे सगळं दिखाऊ आहे. दुसरी, शाळेत धर्म कशाला? मला दोन्ही पुरत्या पटत नाहीत. जिल्हा परिषदेच्या शाळेत आम्हीही डोक्यावर तुळस घेऊन मिरवलो होतो आणि तेव्हाही सगळं लक्ष लाडवांवरच होतं. आणि शेजाऱ्याचा सण माहीत नसणं म्हणजे काही धर्मनिरपेक्षता नव्हे.

उलट ‘इंटरनॅशनल’ शाळेमागची मूळ कल्पना मला मोठी वाटते. १९२४ साली जिनिव्हात अशी शाळा निघाली ती राष्ट्रसंघात आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत काम करणाऱ्यांच्या मुलांसाठी. पहिलं महायुद्ध संपून जेमतेम सहा वर्षं झाली होती. वेगवेगळ्या देशांची पोरं एका बाकावर बसली तर एकमेकांना घाबरणार नाहीत, ही आशा त्यामागे होती. आज जगभर पसरलेला आयबी अभ्यासक्रमही १९६८ साली जिनिव्हातच आकाराला आला. सगळ्यांचे सण साजरे करण्याची पद्धत या आशेशी जुळणारीच आहे.

माझा प्रश्न वेगळा आहे. सणातलं नेमकं काय उचलायचं? ॲरिस्टॉटल म्हणतो की न्यायाची कामं करत करत माणूस न्यायी होतो. म्हणजे नकलेला तोही नावं ठेवणार नाही. पण तो कृतीबद्दल बोलतो आहे, पोशाखाबद्दल नाही. मग वारीतली कृती कोणती? चालणं ही आहेच. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. पण मला विचाराल तर त्याहून मोठी कृती दुसरी आहे. वारकरी भेटले की एकमेकांच्या पाया पडतात. वय, जात, पैसा न बघता. समोरचा कुणीही असो, तो ‘माउली’.

(वारी म्हणजे समतेचा स्वर्ग असंही नाही. चोखोबांची समाधी मंदिराच्या आत नाही, महाद्वाराबाहेर आहे. विठ्ठलाचं दार दलितांना उघडावं म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. पण निदान वाटेवर तरी ती पाया पडण्याची रीत टिकली.)

आता आमच्या शाळेतल्या एका मावशींची गोष्ट. त्या आमच्या मजल्यावरचे वर्ग झाडतात, लहान मुलांना बाथरूमला नेतात. एजन्सीमार्फत कंत्राटावर आहेत. पालख्या पुण्यातला मुक्काम हलवून निघतात, त्यानंतर माउलींची पालखी दिवे घाट चढून सासवडला जाते. “दर वर्साला पुण्यातून सासवडपर्यंत चालत जाते मी, मॅडम,” त्या मला म्हणाल्या होत्या. “एक दिवसाचं तर काम.” मागच्या वर्षी आमची शाळेची दिंडी नेमकी त्याच दिवशी ठेवली गेली. शहराच्या मध्यभागी रस्ते बंद असतात, पण आमची शाळा त्या वाटेवर नाही. मावशींनी रजा मागितली. उत्तर आलं, इव्हेंट आहे, माणसं कमी पडतील.

शाळेत दिंडी होती म्हणून त्यांना दिंडीला जाता आलं नाही. साडेतीनशे मुलांच्या मागून त्या लाडवांचे कागद उचलत होत्या.

यात खलनायक शोधायला गेलं तर सापडत नाही. तारीख ठरवणाऱ्या कोऑर्डिनेटरनं परीक्षा आणि मैदान रिकामं असण्याचे दिवस पाहिले. एजन्सीनं हजेरी पाहिली. याला ढोंग म्हणता येत नाही, कारण ढोंग करणाऱ्याला आतून ठाऊक असतं. इथे कुणाला काही दिसलंच नाही. आणि मला हेच जास्त गंभीर वाटतं. ज्यांचे कपडे आपण मुलांना घालतो, ती माणसं त्याच इमारतीत काम करतात, हे कुणाच्या मनातही आलं नाही.

एका सहकाऱ्याचं म्हणणं असं की रजा हा एचआरचा विषय आहे, त्यात संस्कृती आणू नये. मान्य करू. पण मग न्यूजलेटरमध्ये ‘मुलांनी वारकरी परंपरेचा आदर अनुभवला’ असंही लिहू नये. आदर अनुभवायला समोर माणूस लागतो.

धर्मांचं वैविध्य आमच्याकडे थाटात साजरं होतं. पगारांचं वैविध्य मात्र गेटपाशी थांबतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं खासगी विनाअनुदानित शाळांत पंचवीस टक्के जागा गरीब आणि वंचित घरांतल्या मुलांसाठी ठेवल्या. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला त्यातून सूट, असा बदल राज्य सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्ये केला. जुलैत मुंबई उच्च न्यायालयानं तो रद्द केला. त्या मधल्या महिन्यांत स्टाफरूममध्ये या विषयावर मी एकही चर्चा ऐकली नाही. रांगोळीच्या थीमवर मात्र दोन बैठका झाल्या.

यंदाच्या बैठकीत मी दोन गोष्टी मांडल्या. दिंडीची तारीख पालखी निघण्याच्या दिवशी नको. आणि शेवटी मुलं, शिक्षक, मावशी, सिक्युरिटीचे दादा सगळ्यांनी एकमेकांच्या पाया पडायचं, शिक्षकांनीसुद्धा. पहिली गोष्ट लगेच मान्य झाली. दुसरीवर पालक काय म्हणतील, असा प्रश्न आला. मावशींना विचारलं तर त्या हसल्या आणि म्हणाल्या, “पोरांचं ठीक हाय, पर तुमी नका पडू. मला अवघडल्यासारखं हुतं.” त्यांचं अवघडणं मोडून समता शिकवायची का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. कार्यक्रमपत्रिका सोमवारी छापायला जाणार आहे आणि त्यातली ती एक ओळ अजून रिकामी आहे.