आधी स्वतःचं ताट

2010 साली क्लोरमेक्वाट या रसायनाचे अंश सापडले म्हणून युरोपनं भारतीय द्राक्षं अडवली. नाशिकचे कितीतरी बागायतदार कर्जात गेले. त्याच सुमारास विलास शिंदे आणि सोबतच्या शेतकऱ्यांनी ‘सह्याद्री’ ही उत्पादक कंपनी उभी केली. आज दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीत तिचा मोठा प्रकल्प आहे. निर्यातीच्या बागेत प्रत्येक फवारणीची नोंद ठेवावी लागते, नमुना प्रयोगशाळेत जातो. खाणाऱ्याची एवढी काळजी! मग ऐन हंगामात पिकवणारा शेतकरी आणि पॅकिंग करणारी ताई चहा-बिस्किटावर दिवस का काढतात? मला हे मनापासून खुपतं. उपाशीपोटी, थकल्या डोळ्यांनी लिहिलेली नोंद चुकते, निवडीत खराब मणी सुटतो. मंडळी, आज डब्यात नागलीची भाकरी, भाजी घ्या आणि दुपारी काम थांबवून सगळे मिळून जेवा.