मागचं चाक मध्यावर येतं

बसा. पाठ सैल सोडा.

श्वास आत घ्या. तो आपला आपण बाहेर जाऊ द्या.

आता डोळ्यांसमोर अमेरिकेतल्या युटा राज्यातलं मोआब आणा. लालसर वालुकाश्माचा उघडा माळ. कधीकाळी वाऱ्याने रचलेल्या वाळूच्या टेकड्या, आता दगड होऊन बसलेल्या. ऊन कललं आहे. दगड अजून तापलेला आहे.

या दगडावर एक गाडी उभी आहे. खडक चढण्यासाठीच बांधलेली. उघडा सांगाडा, जाड नळ्या. टायरांतली हवा बरीच कमी केलेली, म्हणून रबर दगडावर पसरून बसलं आहे.

गाडीच्या मागच्या बाजूला या. घाई नको. गुडघे टेका आणि खाली वाकून बघा.

मागचा एक्सल दिसतो आहे. या गाडीची मागची चाकंही वळतात.

एक्सलला समांतर एक सिलिंडर आहे. त्याच्या दोन्ही टोकांतून पोलादी दांडा बाहेर आला आहे. एक टोक डाव्या चाकाकडे, एक उजव्या. दांड्यावर तेलाचा अगदी पातळ थर. त्या थरावर लाल धुळीचे दोन-चार कण.

एवढंच बघा. दांडा, तेल, धूळ.

थांबा इथे.

चालक अंगठ्याने बटण दाबतो. सिलिंडरच्या एका बाजूला तेल शिरतं, दुसऱ्या बाजूने तेवढंच बाहेर पडतं. दांडा सरकतो. चाकं वळतात. टायरखाली वाळू करकरते.

ती करकर ऐका.

पुढची चाकं डावीकडे आहेत, मागची उजवीकडे. गाडी हळूहळू वळते. डाव्या हाताला एक मोठा दगड आहे. एरवी मागचं चाक आतून वाट कापत त्या दगडावर जातं. आता ते पुढच्या चाकाच्या मागोमाग, जवळपास त्याच वाटेने जातं. दगड बाजूला राहतो.

वळण संपतं. चालक बटण सोडतो.

आता श्वास घ्या आणि या क्षणापाशी थांबा.

वळण संपलं आहे, तरी चाक अजून वळलेलंच आहे.

पुढचं चाक असं राहत नाही. त्याचा कलच असा ठेवलेला असतो, की गाडी पुढे चालली की ते सरळ व्हायला बघतं. विमानतळावरच्या सामानाच्या ट्रॉलीचं छोटं चाक आठवा. ढकलली की ते आपोआप खुंटाच्या मागे येतं आणि मुकाट चालू लागतं.

मागच्या चाकाला हे सुख नसतं. अशा गाड्यांत बऱ्याचदा पुढचाच एक्सल उलटा फिरवून मागे बसवतात. मग त्याचा कलही उलटा होतो. चाक सरळ व्हायचं सोडून आणखी वळायला बघतं. त्याला धरून ठेवतं ते सिलिंडरमधलं तेल. व्हॉल्व्ह बंद झाला, तेल जागीच अडकलं, की चाक जिथे आहे तिथेच राहतं.

आणि चालकाला ते दिसत नाही. ते त्याच्या पाठीमागे आहे.

तुमच्या पाठीमागे लक्ष न्या. खांद्यांकडे. मानेकडे.

सकाळचं एखादं वळण केव्हाच सरलं असेल. खांदे अजून त्या बाजूला ओढलेले आहेत का? जबडा अजून आवळलेला आहे का?

सुधारू नका. फक्त बघा.

पुन्हा गाडीकडे या.

चाकाजवळ एक छोटा सेन्सर आहे. चाक कुठे आहे, हे तो गाडीतल्या कंट्रोलरला सतत सांगत असतो. बटण सुटलेलं आहे आणि चाक मध्यावर नाही, हे कंट्रोलरला कळतं. तो व्हॉल्व्ह उलट बाजूला उघडतो. तेल परतीची वाट धरतं.

दांडा सरकतो आहे. बघा. घाई नाही.

चाक मध्याकडे येतं आहे.

आता या मध्याकडे नीट बघा. तो एका बिंदूएवढा ठेवला, तर काय होतं? चाक त्या बिंदूपाशी येतं आणि थोडं पुढे जातं. कंट्रोलर त्याला मागे ओढतो. ते पुन्हा पलीकडे जातं. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. व्हॉल्व्ह टकटक वाजत राहतो. चाक थरथरत राहतं.

म्हणून जाणता कारागीर मध्याला थोडी रुंदी देतो. या बाजूला जरासं, त्या बाजूला जरासं. एवढ्या पट्ट्यात चाक आलं, की सरळ मानायचं. मग व्हॉल्व्ह बंद होतो. टकटक थांबते.

मध्याला रुंदी आहे, म्हणून चाक स्थिर आहे.

हे वाक्य श्वासाबरोबर येऊ द्या, जाऊ द्या.

मागची चाकं वळवणं साध्या रस्त्यावरच्या गाडीतही येऊन गेलं आहे. 2002 साली जीएमसीच्या सिएरा डेनाली पिकअपला क्वाड्रास्टीअर मिळालं. तिची मागची चाकं 12 अंशांपर्यंत वळत. हळू चालताना पुढच्या चाकांच्या उलट, वेगात त्यांच्याच बाजूला. आणि नको असेल तेव्हा चालक मागची चाकं सरळ ठेवू शकत असे.

मोआबच्या दगडावर परत या.

समोर सपाट वाट आहे. मागचं चाक जरा जरी तिरकं राहिलं, तरी गाडी नाक एकीकडे आणि शेपूट दुसरीकडे करून चालते. चालक पुढे स्टिअरिंगने सावरत राहतो. हात दुखतात. कारण मागे असतं.

तुम्हीही कुठे पुढे सावरत आहात, आणि तिरकं काही मागे राहिलं आहे, असं आहे का?

उत्तर शोधू नका. प्रश्न असू द्या.

एक श्वास. अंगठा सैल. हात सैल. खांदे आपल्या जागी, किंवा जागेच्या आसपास. आसपास चालतं.

आता उठा आणि कामाला लागा. एवढं मात्र पाळा: मागची चाकं सरळ झाल्याची खात्री केल्याशिवाय वेग वाढवू नका.