एवढ्याशानं काय होतंय?

गेल्या श्रावणात भाचीच्या नव्या घरी सत्यनारायण होता. आरती झाली, तीर्थ झालं आणि केळीच्या पानाच्या तुकड्यांवरून शिरा हातोहात फिरू लागला. भाचीचा मुलगा आठ वर्षांचा. त्यानं दोन्ही हात पुढे करून प्रसाद घेतला, कपाळाला लावला आणि तसाच आईच्या हातात दिला. शेजारच्या बाईंच्या भुवया वर गेल्या. मीही पाहत होते. आणि दर आठवड्याला या जागेतून तुम्हाला शहाणपण शिकवणारी मी त्याला म्हणाले, “अरे, देवाचा आहे. एवढ्याशानं काय होतंय?” आणि चिमूटभर शिरा त्याच्या तोंडात घातला.

रात्री दोनपर्यंत तो ओकत होता.

भाची रागावली असती तर बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी भांडी पुसता पुसता ती एवढंच म्हणाली, “मावशी, त्याला ‘नको’ म्हणायला शिकवायला मला दोन वर्षं लागली होती.”

त्याला सीलिअॅक आहे. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. ते पोटात गेलं की या मुलांची स्वतःचीच प्रतिकारशक्ती लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आत मखमलीसारखी लव असते, ती झडते, आणि मग खाल्लेलं अन्न शरीरात शोषलंच जात नाही. पोट पुढे, हातपाय काड्या, रक्त कमी, उंची खुंटलेली. निदान होईपर्यंत घराघरांत या मुलांना जंताचं औषध दिलं जातं, दृष्ट काढली जाते, आणि ‘पोर अंगाला लागत नाही’ म्हणून तूप लावून आणखी एक पोळी वाढली जाते. ज्या पोळीनं आजार, तीच पोळी उपाय म्हणून. यावर गोळी नाही. जन्मभर ग्लुटेन वर्ज्य, एवढाच उपचार आहे.

आणि एवढंसं म्हणजे किती? पावाच्या एका स्लाइसमध्ये साधारण दोन ग्रॅम ग्लुटेन असतं. रोज पन्नास मिलिग्रॅम पोटात जात राहिलं तरी आतड्याला इजा होते, हे तपासून पाहिलेलं आहे. म्हणजे एका स्लाइसचे चाळीस तुकडे करा आणि त्यातला एक उचला. माझी चिमूट त्याहून मोठी होती.

‘मग भाकरी द्या की! आपल्याकडे काय कमी आहे?’ असं सगळेच म्हणतात. मीही म्हटलं होतं. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ यांत ग्लुटेन नाही, हे खरंच. या दुखण्यासाठी महाराष्ट्राइतका सोयीचा मुलूख शोधून सापडणार नाही. उत्तर भारतात शंभरात एकाच्या आसपास माणसांना हा आजार आढळतो, दक्षिणेत फारच कमी. आपण मधल्या पट्टीतले, तव्यावर पोळीही आणि भाकरीही. पण भाचीबरोबर एकदा दळणाला गेले आणि डोळे उघडले. गिरणीवाल्याला आपण सवयीनं विचारतो, ‘कशावर टाकताय?’ बाजरीवर गहू टाकू नका, पोळ्या काळ्या होतात. उलट कोणी विचारत नाही. गव्हावर ज्वारी टाकली तर भाकरीला काही होत नाही. ज्याला होतं तो बोलायला गिरणीत नसतो. शेवटी तिनं घरघंटी घेतली.

मग बाकीची यादी. थालीपिठाच्या भाजणीत मूठभर गहू. सातूच्या पिठात गहू. डबीतल्या हिंगात बहुतेक वेळा मैदा, म्हणजे फोडणीतसुद्धा. चायनीजच्या गाडीवरचा सोया सॉस गव्हाचा. बटाटेवडा बेसनाचा, पण ज्या कढईत तो तळला तिच्यात आधी समोसे पोहून गेलेले. भाचीच्या स्वयंपाकघरात मला आता परीक्षेला बसल्यासारखं वाटतं.

तरी हे सगळं जमतं. अडतं ते पावाशी. मुलाला भाकरी आवडत नाही असं नाही. लोणी-चटणीशी तो दीड भाकरी खातो. पण शाळेच्या डब्याच्या वेळी शेजारच्याच्या डब्यात सँडविच असतं, वाढदिवसाला वडापाव येतो, सहलीला जाताना बसमध्ये पावभाजीच्या गोष्टी चालतात. त्याला पाव हवा होता. भाचीनं दुकानातून ग्लुटेनमुक्त ब्रेड आणला. चार जणांना आठवडाभर पुरेल इतक्या साध्या ब्रेडच्या किमतीत एवढीशी पुडी. त्यानं एक घास चावला, बराच वेळ चावला आणि अगदी गंभीरपणे विचारलं, “आई, हा उद्यापर्यंत चांगला होईल का?”

नाही होत. उद्या तो आणखी वाळतो. गव्हाच्या कणकेत ग्लुटेनची जाळी असते. यीस्टनं केलेली हवा ती धरून ठेवते, म्हणून पाव फुगतो आणि मऊ राहतो. जाळी नसली की हवा निसटते, कापताना भुगा होतो. आपल्या आयांना हे शास्त्र नाव न घेता ठाऊक होतं. ज्वारीचं पीठ जुनं झालं, विरी गेली की भाकरी तव्यावर टाकायच्या आत चिरते. मग त्या पिठात उकळतं पाणी घालून उकड काढतात. शिजलेला स्टार्च चिकटा देतो, जाळीचं काम निभावतो. भाचीनं तेच धरलं. तांदळाचं पीठ, थोडं साबुदाण्याचं, इसबगोल, अंडी, यीस्ट. हे मिश्रण मळायचं नसतं, इडलीच्या पिठासारखं ओतायचं असतं. पहिला पाव मधोमध बसला. दुसरा वरून करपला, आत गिच्च. तिसरा बरा होता, पण गरम असतानाच मी हावरटपणे सुरी घातली आणि त्याची खळ झाली. असे महिने गेले. प्रत्येक पाव त्याच्यापुढे ठेवला जायचा, प्रत्येक वेळी चार मोठी माणसं त्याच्या तोंडाकडे बघत उभी. तो घासभर खाऊन म्हणायचा, “छान आहे,” आणि ताट सरकवायचा. आठ वर्षांचं मूल आपलं मन राखतंय, हे बघवत नव्हतं.

अंगाला मानवणारं आणि मुलाच्या घशाखाली उतरणारं, यांतलं अंतर जुनंच आहे. सॅम्युअल गी या इंग्रज डॉक्टरांनी 1888 मध्ये या आजाराचं आधुनिक काळातलं पहिलं नीट वर्णन केलं. गव्हाचा दोष त्यांना ठाऊक नव्हता, पण बरं व्हायचं तर ते आहारानेच, हे त्यांनी ओळखलं होतं. त्यांनी एका मुलाची नोंद केली आहे. त्याला रोज लिटरभराहून थोड्या मोठ्या मापाचे उत्तम डच शिंपले खायला घातले, गोव्यात शिनाणे म्हणतात त्यांचे विलायती भाऊबंद. मूल झपाट्यानं सुधारलं. शिंपल्यांचा हंगाम संपला, दुखणं परतलं. पुढच्या हंगामात शिंपले आले, तर मूल काही केल्या तोंड उघडेना. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीचं ते पोर मला फार जवळचं वाटतं. औषध म्हणून रोज तेच ताट पुढे आलं की मीही तोंड मिटलं असतं.

गव्हावर बोट ठेवलं ते हॉलंडच्या विलेम डिके यांनी, हेग शहरातल्या मुलांच्या रुग्णालयात. त्यांना संशय आला होता तो दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच. एका आईनं त्यांना सांगितलं होतं, की पाव बंद केला की माझं लेकरू सुधारतं. डॉक्टरनं आईचं ऐकलं, ही या गोष्टीतली मला सगळ्यांत मोठी वाटणारी घटना. मग 1944-45 चा उपासमारीचा हिवाळा आला. जर्मनांनी अन्नाची वाट अडवली, लोक ट्यूलिपचे कंद उकडून खाऊ लागले. शहर खंगत होतं, आणि पाव न मिळालेली ही मुलं मात्र सुधारत होती, असं सांगतात. युद्धानंतर डिके यांनी गहू देऊन आणि थांबवून, शौचातल्या चरबीचं मोजमाप करून ते सिद्ध केलं. 1950 मध्ये त्यांचा प्रबंध आला. त्या हिवाळ्यात मुलांना पावासाठी समजवावं लागलं नसेल. पाव फारसा कोणालाच नव्हता.

हे वाचताना मला आमच्या पोराचं कोडं उलगडलं असं नाही, पण एक शब्द आठवला. पंक्तिप्रपंच. एकाच पंगतीत एकाला तूप आणि दुसऱ्याला नुसता भात वाढणं, हे आपल्याकडे पाप मानलेलं आहे. जेवणाऱ्याचा अपमान त्याहून मोठा नाही. पण सगळ्यांना डोळे मिटून एकच वाढणं म्हणजे समता, असा सोयीचा अर्थही आपणच काढला. एका पानाला जे विष, ते वाढून वर आग्रह करायचा. आपला आग्रह! जिलब्यांच्या पैजा लावणारा, ‘माझ्या गळ्याची शपथ’ घालणारा. त्यात प्रेम असतं हे मी नाकारत नाही. पण त्या श्रावणात माझ्या बोटांत किती प्रेम होतं आणि शेजारच्या बाईंपुढे आपलं पोर अश्रद्ध दिसू नये ही लाज किती, याचा हिशेब मी अजून करते आहे. लाज जास्त निघते.

वाईट याचं वाटतं की असली काळजी आपल्याला घेता येत नाही असं नाही. एकादशीला येते. उपासाच्या भाजणीला वेगळा डबा, वेगळा झारा, तळायला ताजं तेल. उपासाचं दळण असलं की गिरणी झाडून घ्यायला आपण हक्कानं सांगतो, आणि गिरणीवाला कुरकुर न करता झाडतो. तिथे कोणी म्हणत नाही, ‘चार दाणे गव्हाचे गेले तर काय होतंय?’ पुण्यासाठी जे जमतं ते पोरासाठी जड का जावं? गंमत अशी की साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाडा यांत ग्लुटेन नाही. भाचीच्या घरी एकादशीला तो सगळ्यांच्या पातेल्यातलं खातो, आणि दुप्पट खातो. त्याचं त्या दिवशीचं जेवण बघितलं की कळतं, इतर दिवशी अडतं कुठे.

इटलीत, जिथे पाव आणि पास्ता यांच्यावाचून पान हलत नाही, 2005 च्या कायद्यानं शाळा-रुग्णालयांच्या खानावळींना या लोकांसाठी वेगळं जेवण द्यावं लागतं, आणि ग्लुटेनमुक्त खाण्यासाठी सरकार दरमहा ठरावीक रकमेपर्यंत खर्च उचलतं. आपल्याकडे किलोमागे वीस मिलिग्रॅमपर्यंत ग्लुटेन असेल तरच पाकिटावर ‘ग्लुटेनमुक्त’ छापता येतं, इथवर नियम आले आहेत. ते पाकीट परवडायचं कसं, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

पावाचं पुढे काय झालं ते सांगते. भाचीनं मोठ्या पावाचा नाद सोडून दिला आणि ते मिश्रण स्टीलच्या वाट्यांत ओतलं. वाटीएवढे आठ पाव निघाले. सुट्टीत चुलतभावंडं आली होती. तिनं लादीपाव आणलाच नाही, सगळ्यांना हेच. घरच्या कढईतले वडे, लोण्यावर भाजलेले वाटीपाव, लसणीची चटणी. कोणी त्याच्या तोंडाकडे बघत बसलं नाही, कारण जो तो आपला पाव सांभाळण्यात गुंतला होता. ते फारच भुगा होत होते. एक पोर म्हणालं, “हा पाव जरा विचित्र आहे.” आमचा हिरो भरल्या तोंडानं म्हणाला, “सवय होते.” त्यानं दोन खाल्ले. घरात पोळी बंद करा असं मी कोणाला सांगणार नाही, त्याची धाकटी बहीण तूपपोळीवर वाढते आहे आणि वाढावी. पण चारचौघांत बसायच्या दिवशी ताट त्याच्यापासून ठरवायला सुरुवात केली तर इतरांचं फारसं अडत नाही, एवढं मी पाहिलं.

देवाचं मात्र मनातून जात नव्हतं. वसई-गोव्यातल्या कॅथलिक घरांत असं मूल असलं तर पेच आणखी कठीण. ख्रिस्तप्रसादाची भाकर गव्हाचीच हवी, हा चर्चचा नियम आहे. 2017 मध्ये व्हॅटिकननं तो पुन्हा सांगितला. ग्लुटेन अत्यंत कमी असलेली भाकर चालते, मुळीच नसलेली चालत नाही. तीही न सोसणाऱ्याला केवळ द्राक्षारस घेता येतो. त्यांच्या श्रद्धेत त्याला कारण आहे, आणि वाटही ठेवली आहे. आपल्याकडे कारण काय आहे, ते मलाच माहीत नव्हतं.

म्हणून यंदा भाचीनं पुन्हा पूजा धरली तेव्हा मी आधी गुरुजींना फोन केला. गव्हाच्या रव्याऐवजी राजगिऱ्याच्या पिठाचा शिरा केला तर चालेल का, विचारलं. ते क्षणभर थांबले. म्हणाले, “माप सव्वा ठेवा. आणि साखर जरा बेतानं घाला, गेल्या वर्षी फार गोड झाला होता.”