गर्दीच्या आधीची गर्दी

दादरच्या फूलबाजारात जायचं तर लवकर जा, गर्दी व्हायच्या आत, असा सल्ला दसरा जवळ आला की हमखास मिळतो. तो मनावर घेऊन माणूस सहाची गाडी पकडतो आणि पश्चिमेला पूल उतरताच ‘बाजू, बाजू’ करत येणाऱ्या हमालाच्या वाटेतून जेमतेम सटकतो. बाजाराचा दिवस तोवर निम्मा सरलेला असतो.

वसईचा सोनचाफा आणि जास्वंद पहाटेच्या लोकलने येतात. जास्वंद कळीतच खुडायची, देव्हाऱ्यात पोचेतो ती उमलते. विक्रमगड-जव्हारकडचा मोगराही असाच, मिटलेला. झेंडू-शेवंती घाटावरून रात्रीच टेम्पोने उतरलेली असते. इथली वेळ फुलानंच ठरवून टाकली आहे. भाजी-फळांचा घाऊक व्यापार १९९६ मध्ये वाशीला गेला, फुलांचा मात्र दादरला टिकला. माझ्या मते याचं श्रेय स्टेशनला: पश्चिम आणि मध्य, दोन्ही मार्ग इथे भेटतात.

मग ‘गर्दीच्या आधी’ म्हणजे नेमकं कोणाच्या आधी? हारवाले, मंडपवाले, देवळाबाहेर बसणारे, सगळे आपल्याआधी येऊन गेलेले असतात. आणि फुलपुडीवाले. त्यांचं मला विशेष कौतुक आहे. पानात दोन झेंडू, एक जास्वंद, चार दुर्वा, बेलाचं एक पान, वर दोऱ्याचा वेढा. आपण डोळे चोळत दार उघडतो तेव्हा पुडी कडीला लटकत असते. अशा गिऱ्हाइकांच्या धांदलीत आपण जाऊन पावशेर झेंडू मागतो आणि क्रेटने माल देणारा आपल्याकडे बघतसुद्धा नाही. रागवायचं कारण नाही, त्या घटकेला मध्ये आपणच आलेलो असतो.

लवकर जाण्यात फायदा आहेच. माल ताजा, निवडायला वाव. पण हा सल्ला ज्यांची सकाळ स्वतःची आहे त्यांच्याच कामाचा. जिला सहाला दोन डबे भरायचेत, ज्याची रात्रपाळी आठला सुटते, ते येणार गर्दीतच. आपण जिला गर्दी म्हणून नाक मुरडतो ती बरीचशी अशाच लोकांची असते. त्यांच्या वाट्याला उरलासुरला माल येतो आणि बदल्यात कधीकधी उतरलेला भाव. दसऱ्याला सकाळी चढलेला झेंडू पूजा उरकल्या की घसरतो, संध्याकाळी त्याचे ढीग रस्त्याकडेला पडून राहतात.

सगळ्यांत लवकर येणाऱ्यांना मात्र यातलं काहीच मिळत नाही. कसारा-शहापूरकडच्या आदिवासी बायका आपट्याची पानं आणि भाताच्या लोंब्या घेऊन आदल्या दिवशीच येतात, रात्र फुटपाथवर काढतात. पहिल्या येतात, म्हणून भाव त्यांच्या हाती राहतो असं नाही. दुपार कलल्यावर कुणीतरी वाकून म्हणतं, ‘मावशी, आता कोण घेणार हे? पाचला दे.’ दहाची जुडी पाचला मिळते. घेणारा घरी जाऊन आपली घासाघीस रंगवून सांगतो. त्या हुशारीत निम्मा वाटा कसाऱ्याच्या परतीच्या गाडीचा असतो.