पांढरे ठिपके आणि आपला निवाडा

माणसाच्या वागण्याचा हिशेब कोणाच्या खात्यावर मांडावा, त्याच्या इच्छेच्या की त्याच्या शरीराच्या, हा प्रश्न फार जुना आहे. पूर्वी त्याची चर्चा तत्त्वज्ञांच्या पाठशाळांत होई. आता तो एमआरआय यंत्राच्या पडद्यावरून सामान्य घरांत येऊ लागला आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगलपट्ट्यात तर त्याला विशेष धार आहे.

येथील गोंड, माडिया, परधान या आदिवासी समाजांत, तसेच विदर्भातील इतरही काही समाजांत, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार आढळतो. प्राणवायू कमी झाला की रुग्णाच्या तांबड्या पेशी ताठ होतात व विळ्यासारख्या वाकतात. मग त्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत, सांध्यांत, पोटात असह्य कळा उठतात. हे दुखणे सर्वांना दिसते. परंतु मेंदूतील रक्तप्रवाहालाही हाच उपद्रव होतो आणि तेथे कळ उठत नाही. कित्येकदा हातपाय लुळे पडत नाहीत, वाचा जात नाही. मेंदूचा काही मिलिमीटरचा भाग मुकाट्याने मरतो आणि एमआरआयच्या चित्रात तेथे पांढरा ठिपका उमटतो. युरोप-अमेरिकेतील अभ्यासांत या विकाराच्या गंभीर प्रकारात वयाच्या १४ व्या वर्षापर्यंत सुमारे तीन मुलांपैकी एकाच्या मेंदूत असे मूक आघात आढळले आहेत. अशा मुलाचे लक्ष टिकत नाही, सांगितलेले चटकन ध्यानात राहत नाही आणि ते अभ्यासात मागे पडते.

ल्युपस या विकाराची कथाही याच जातीची आहे. त्यात शरीराची संरक्षक शक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते. दहा रुग्णांपैकी सुमारे नऊ स्त्रिया असतात. त्यांच्याही मेंदूच्या चित्रांत पांढरे ठिपके दिसतात. काहींच्या बाबतीत स्मरणाशी निगडित भागाचा आकार घटलेला आढळतो. विसरभोळेपणा, उदासी, न संपणारा थकवा हे त्यांचे सोबती होतात. मात्र चित्र आणि वागणूक यांचा मेळ नेहमीच बसतो असे नाही. काहींच्या मेंदूत ठिपके असूनही वागण्यात फरक जाणवत नाही; काहींचे चित्र अगदी निर्मळ येते आणि तरीही त्यांचे विस्मरण व उदासी खरी असते.

येथेच आपल्या विवेकाची परीक्षा आहे. चित्र हाती आले की आपण मवाळ होतो. "अरेरे, त्याच्या मेंदूलाच इजा झाली आहे," असे म्हणतो. चित्र नसेल तर तेच मूल आळशी व ढ ठरते, तीच सून कामचुकार ठरते. भामरागड, एटापल्ली, सिरोंचा येथील गरीब कुटुंबाने एमआरआय यंत्रापर्यंत कसे पोहोचावे? दया करण्यासाठी आपण चित्राची वाट पाहणार असू, तर दया ही शहरातल्या, ऐपतदार रुग्णालाच मिळणारी वस्तू होऊन बसेल.

याच्या उलट दुसरी चूकही संभवते. "त्याचा मेंदूच तसा, त्याच्याकडून काय अपेक्षा करायची?" असे म्हणून आपण माणसाला त्याच्या ठिपक्यांच्या स्वाधीन करतो. ख्रिस्तसभेने हा मार्गही स्वीकारलेला नाही. १३१२ साली व्हिएन येथील धर्मपरिषदेने आत्मा व शरीर यांचे ऐक्य ठामपणे शिकवले. त्याआधी संत थॉमस अक्वायनस यांनी दाखवून दिले होते, की आत्मा हा नावेत बसलेल्या नावाड्यासारखा शरीरात नसतो. दोहोंचा मिळून एक माणूस होतो. म्हणून मेंदूची इजा ही माणसाचीच इजा आहे. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथानेही मान्य केले आहे, की मानसिक व अन्य कारणांनी कृत्याची जबाबदारी कमी होते, प्रसंगी नाहीशीही होते. जबाबदारी कमी झाली म्हणून प्रतिष्ठा मात्र कमी होत नाही. जे गणित शेजारचा मुलगा एका झटक्यात सोडवतो, त्यासाठी चार वेळा पाटी पुसणारे मूल कदाचित अधिक सद्‌गुणी असेल. चित्रात ठिपका दिसतो. ती पुसलेली पाटी दिसत नाही.

आणखी एक निवाडा आपण घाईने देतो, तो आईबापांविषयी. जन्मांधाला पाहून शिष्यांनी प्रभू येशूला विचारले, की हे कोणाचे पाप, याचे की याच्या आईबापांचे? योहानकृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले आहेत. सिकलसेलचा इतिहास जणू त्याच उत्तराचा पडताळा देतो. हा गुण आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच आला, तर बालकाचे जीवघेण्या हिवतापापासून बरेचसे रक्षण होते. हिवतापग्रस्त रानांत कित्येक पिढ्यांची लेकरे त्याने वाचवली. दोघांकडून आला, म्हणजे आजार होतो. तेव्हा एकट्या सुनेच्या माहेराला बोल लावणे हे विज्ञानालाही धरून नाही आणि धर्मालाही नाही.

मग धर्मग्रामातील कुटुंबांनी काय करावे? सिकलसेल ओळखण्यासाठी रक्ताची साधी तपासणी पुरते. २०२३ पासून त्यासाठी राष्ट्रीय मोहीमही सुरू आहे. विवाहाआधी ती करून घेणे यात कलंक नाही, शहाणपण आहे. हायड्रॉक्सीयुरिया या औषधाने कळांचे झटके कमी होतात. ठरावीक काळाने रक्त दिल्यास मेंदूतील नवे आघातही कमी होतात, असे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. मूल अभ्यासात एकाएकी मागे पडले, तर रागावण्याआधी त्याला डॉक्टरांकडे न्यावे.

एवढे करूनही कित्येकदा कारण हाती लागणार नाही. चित्र निघणार नाही, किंवा निघूनही काही सांगणार नाही. अशा वेळी शिक्षकाने धडा पुन्हा एकदा शिकवावा, सासूने औषधाची वेळ स्वतः लक्षात ठेवावी, आणि पापनिवेदन ऐकणाऱ्या आम्हा धर्मगुरूंनीही तोलून बोलावे. समोरच्या माणसाने किती ओझे वाहिले, हे परमेश्वराला ठाऊक आहे. आपण निदान त्या ओझ्यात भर घालू नये.