पाण्याआधी पोहोचलेले पुणे

पुणे पुढे कुठे वाढणार, हे जाणून घ्यायला आज नगररचना खात्यात जावे लागत नाही. दिवेघाट चढून सासवडकडे निघावे, नाहीतर वाघोलीच्या पुढे लोणीकंदपर्यंत जावे, किंवा चाकणहून राजगुरुनगरचा रस्ता धरावा. दुतर्फा फलक उभे आहेत. ‘नियोजित रिंगरोडपासून पाच मिनिटे’, ‘विमानतळालगत’, ‘कलेक्टर एनए, स्वतंत्र सातबारा’, ‘आज गुंतवा, उद्या दुप्पट’. हे फलक एका रेषेने जोडले तर पुढल्या वीस वर्षांचे पुणे डोळ्यांसमोर उभे राहते. हा नकाशा जमिनीच्या बाजारपेठेने काढला आहे, आणि आजवरचा अनुभव असा की सरकारी आराखडा शेवटी याच नकाशावर शिक्कामोर्तब करतो.

म्हणून शहर कुठे वाढेल याचा अंदाज बांधण्यात मला फारसा रस वाटत नाही. ते सगळ्या दिशांना वाढतेच आहे. कोणत्या क्रमाने वाढते, हा खरा प्रश्न आहे. आधी पाणी, सांडपाण्याची वाट, रस्ता आणि कारभार, मग माणसे, असा एक क्रम असतो. आधी रस्त्याची घोषणा, मग प्लॉटिंग, मग इमारती, मग टँकर, मग हद्दवाढ आणि सगळ्यात शेवटी जलवाहिनी, असा दुसरा. पुण्याने गेल्या तीस वर्षांत हा दुसरा क्रम अंगवळणी पाडून घेतला आहे, आणि त्याची किंमत शहराच्या कडेला राहणारी माणसे रोज मोजत आहेत.

हे शहर पूर्वी असे वाढत नव्हते. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून भुयारी नळाने पाणी शहरात आणले गेले आणि जागोजागी हौद बांधले गेले. पेठांची भरभराट त्या पाण्याच्या आधाराने झाली. १८७९ साली खडकवासल्याचे धरण पूर्ण झाले आणि लष्कराला, शेतीला व पुढे शहराला हक्काचे पाणी मिळाले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, नदीकाठचे पुणे उद्ध्वस्त झाले, आणि पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. संकटातून का होईना, पण शहर ठरवून नव्या जागी गेले. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ आले, १९७२ मध्ये नवनगर प्राधिकरण स्थापन झाले आणि १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिका झाली. त्या वाढीतही अन्याय होते. प्राधिकरणासाठी जमिनी दिलेल्या शेतकऱ्यांना साडेबारा टक्के परताव्यासाठी दशकानुदशके झगडावे लागले. तरीही कारखाना, पाणी, रस्ता आणि घर यांचा मेळ घालण्याची एक इच्छा त्यामागे होती.

हा पहिला क्रम नव्वदच्या दशकात मोडला. १९९७ मध्ये ३८ गावे पुणे महापालिकेत घेतली गेली आणि पुढे त्यांतली काही पुन्हा वगळली गेली. राहिलेल्या गावांमधल्या टेकड्यांवर जैववैविध्य उद्यानाचे आरक्षण ठेवायचे की नाही, याचा निर्णय व्हायला २०१५ उजाडले. टेकड्या तेवढा काळ वाट पाहत थांबल्या नाहीत. कात्रजच्या आणि आसपासच्या उतारांवर बांधकामे चढत गेली, ओढे अरुंद झाले. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला. शहर आणि परिसरात त्या रात्री वीसहून अधिक माणसे गेली. पाऊस मोठा होता हे खरे, पण ओढ्याला वाहायला जागा उरली नव्हती, हेही तितकेच खरे.

२०१७ मध्ये अकरा आणि ३० जून २०२१ रोजी तेवीस गावे हद्दीत आली. पुणे महापालिकेचे क्षेत्र पाचशे चौरस किलोमीटरच्या पुढे गेले, मुंबईहूनही मोठे झाले. वर्तमानपत्रांनी ती अभिमानाची बातमी म्हणून छापली. त्या तेवीस गावांत मात्र काय घडले ते पाहण्यासारखे आहे. ग्रामपंचायती बरखास्त झाल्या, म्हणजे सरपंच गेला. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाचा कारभार होता, म्हणजे नगरसेवकही नव्हता. बांधकाम परवानगी आणि विकास आराखड्याचे अधिकार पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (पीएमआरडीए) ठेवले गेले आणि पाणी, कचरा, ड्रेनेजची जबाबदारी महापालिकेवर आली. विकासशुल्क एकाकडे, तक्रारी दुसऱ्याकडे, आणि मत मागायला कोणीच नव्हते. लाखो माणसे राहत असलेल्या भागात लोकशाही एवढी पातळ झाली आणि आपण तिला हद्दवाढ म्हणत राहिलो.

या हद्दवाढीचा हिशेब जानेवारी २०२५ मध्ये समोर आला. सिंहगड रस्त्यावरच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत गुइलेन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण वाढू लागले. चालती-बोलती माणसे हातापायांतली ताकद जाऊन अतिदक्षता विभागात पोहोचली. संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या घरात गेली, काहींचे प्राण गेले. संशयाची सुई पाण्याकडे वळली. या गावांना विहिरीचे पाणी क्लोरिन घालून पुरवले जात होते, जलशुद्धीकरण केंद्र नव्हते. ही गावे कुठे आहेत? खडकवासला धरणाच्या खालच्या अंगाला. ज्या धरणाचे पाणी शुद्ध होऊन कोथरूड-कर्वेनगरला जाते, त्या धरणाच्या दारातल्या वस्तीला शुद्ध पाणी नव्हते. आधी वस्ती आणि मग पालिका या क्रमाचा याहून स्पष्ट परिणाम मला सांगता येणार नाही.

वाघोलीच्या एखाद्या मोठ्या सोसायटीच्या फाटकावर संध्याकाळी थोडा वेळ उभे राहावे. वॉचमनच्या टेबलावर एक लांबट वही असते. तारीख, वेळ, टँकरचा नंबर, किती लिटर, सही, असे रकाने आखलेले. टँकर आत येतो, कोणीतरी वर चढून तो भरलेला आहे ना पाहतो, पाइप भूमिगत टाकीत सुटतो, वहीत एक ओळ वाढते. तीनशे सदनिकांची सोसायटी धरा. घरात चार माणसे आणि माणशी १३५ लिटर हे सरकारी प्रमाण लावले, तर दिवसाला एक लाख बासष्ट हजार लिटर पाणी लागते. दहा हजार लिटरचे सोळा-सतरा टँकर. बोअरला पाणी असेल तर कमी, एप्रिल-मे महिन्यात जवळपास सगळेच. गृहकर्जाचा हप्ता, मालमत्ता कर आणि त्यावर टँकरची वर्गणी, असा तिहेरी भार तरुण कुटुंबे उचलतात. ही माणसे फसलेली नाहीत. शहराच्या आत घर परवडत नाही म्हणून ती बाहेर आली. त्यांच्या गरजेवर सगळ्यांनी आपापला नफा काढून घेतला आणि टँकर मात्र त्यांच्या माथी मारला.

आता दिशांकडे पाहू. पश्चिमेला हिंजवडी, माण, मारुंजी. देशातल्या मोठ्या आयटी पार्कांपैकी एक तिथे उभे आहे आणि भोवतालचा कारभार वर्षानुवर्षे ग्रामपंचायतींकडे राहिला. त्याच्या पलीकडे मुळशी आणि मावळ, म्हणजे आपल्या धरणांची पाणलोट क्षेत्रे. तिथल्या डोंगरउतारावर घरे बांधणे म्हणजे आपल्याच पाण्याच्या उगमावर वस्ती करणे. शिवाय मावळ हे विसरलेला नाही की ९ ऑगस्ट २०११ रोजी पवनेच्या बंद जलवाहिनीविरुद्धच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराने तीन शेतकऱ्यांचा बळी घेतला. उत्तरेला चाकण आणि खेड. कारखाने आधीच गेले आहेत, कामगार भाड्याच्या खोल्यांत राहतात आणि चाकणच्या चौकातली कोंडी हा तिथला रोजचा पगारातून कापला जाणारा वेळ आहे.

दक्षिणेला पुरंदर. पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, उदाचीवाडी, वनपुरी या सात गावांच्या जमिनीवर विमानतळ प्रस्तावित आहे. विमानतळ जिथे जाईल तिथे शहर जाणार, हे उघड आहे. पुरंदर हा पर्जन्यछायेतला तालुका. इथल्या शेतकऱ्याने कमी पाण्यावर अंजीर आणि सीताफळ पिकवून दाखवले आणि पुरंदरच्या अंजिराने भौगोलिक मानांकन मिळवले. खट्टा बहार धरायचा की मीठा, किती दिवस ताण द्यायचा, कोणती फांदी छाटायची, हे पिढ्यांचे शहाणपण आहे. ते एका भूसंपादनात संपते, कारण मोबदल्याच्या तक्त्यात त्याला रकाना नसतो. पाण्याची स्थिती काय? पुरंदर उपसा सिंचन योजनेतून या तालुक्याला मुळा-मुठेचे पाणी उचलून दिले जाते, म्हणजे पुण्याचे सांडपाणी मिसळलेले पाणी. ज्या तालुक्याच्या शेतीला शहराने वापरून सोडलेले पाणी वर चढवावे लागते, तिथे लाखोंची वस्ती कशाच्या भरवशावर उभी राहणार, याचे उत्तर धावपट्टीआधी मिळायला हवे.

खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर मिळून साधारण २९ टीएमसी पाणी साठते. त्यात पुण्याचा वाटा आहे आणि हवेली, दौंड, इंदापूरच्या कालव्याचाही. कालवा समितीच्या प्रत्येक बैठकीत हाच ताण असतो. शहराने एक नवा भाग वाढवला की दौंडच्या उसाचे नाहीतर इंदापूरच्या फळबागेचे आवर्तन पुढे सरकते. नवे पुणे कुठे वाढावे हा प्रश्न म्हणूनच पुण्याचा एकट्याचा नाही. उजनी धरणापर्यंतची सगळी खोरी त्यात पक्षकार आहेत.

मला विचाराल तर पुढली वाढ पूर्वेला, पुणे–दौंड लोहमार्गाच्या अंगाने नेमून द्यावी, असे माझे मत आहे. लोणी, उरुळी कांचन, यवत, केडगाव ही स्थानके आधीच आहेत. जमीन सपाट आहे, टेकड्या फोडाव्या लागत नाहीत, आणि शुद्ध केलेले सांडपाणी उतारानेच त्या बाजूला जाते. याला किंमत आहे, ती लपवणार नाही. ही कालव्याखालची बागायत आहे, आणि हाच पूर्वेचा पट्टा फुरसुंगी-उरुळी देवाचीच्या कचरा डेपोचा वास वर्षानुवर्षे सोसत आला आहे. म्हणूनच पसरट प्लॉटिंगला इथे पूर्ण बंदी हवी. स्थानकापासून चालत पोहोचता येईल एवढ्या अंतरात दाट वस्ती आणि मधल्या पट्ट्यात शेती, असा नियम घालता येतो. पश्चिमेच्या डोंगरांना मात्र हात लावू नये.

आता जमिनीचा प्रश्न. शेतकऱ्याची जमीन शहराकडे येण्याच्या दोन वाटा सर्रास दिसतात. गुंठा-गुंठा विकून टाकणे, ज्यातून ना रस्ता निघतो ना ड्रेनेज. किंवा सक्तीचे संपादन, ज्यातून मोर्चे आणि खटले निघतात. तिसरी वाट याच शहरात आहे. हडपसरला मगर भावकीतल्या शंभरहून अधिक शेतकरी कुटुंबांनी चारशे एकरांच्या आसपास जमीन एकत्र केली, जमिनीच्या प्रमाणात कंपनीत हिस्सा घेतला आणि मगरपट्टा सिटी उभी केली. शेतकरी तिथे मालक राहिला. प्रत्येक गावात एवढी सलग जमीन आणि एवढी एकजूट नसते. पण त्याच तत्त्वाचे सार्वजनिक रूप म्हणजे नगररचना योजना. सगळ्यांनी जमिनीचा ठरावीक भाग द्यायचा, त्यातून रस्ते, उद्याने, शाळा, जलवाहिन्यांची जागा काढायची आणि प्रत्येकाला लहान पण विकसित असा अंतिम भूखंड परत द्यायचा. मुंबई प्रांतात हा कायदा १९१५ साली झाला. आपले भांबुर्डे, म्हणजे आजचे शिवाजीनगर, याच पद्धतीने आखले गेले. अहमदाबादने हीच पद्धत सातत्याने वापरली आणि तिथला वर्तुळाकार रस्ता आपला रिंगरोड कागदावर असतानाच पूर्ण झाला. आपल्याकडे १९९७ च्या प्रादेशिक योजनेत आखलेला रिंगरोड अजून भूसंपादनाच्या आणि बांधकामाच्या फेऱ्यांत आहे.

आराखड्यांचे हाल तर सांगायलाच नकोत. पीएमआरडीए २०१५ मध्ये स्थापन झाली, तिने २०२१ मध्ये प्रारूप आराखडा प्रसिद्ध केला, त्यावर साठ हजारांहून अधिक हरकती-सूचना आल्या आणि २०२५ मध्ये तो आराखडाच रद्द झाला. एवढ्या माणसांनी अर्ज लिहिले, ती सुनावणीला रजा काढून गेली, ते सगळे वाया गेले. आराखडा रद्द झाला म्हणून बांधकाम थांबले का? एक दिवसही नाही. आराखड्याच्या अनुपस्थितीत फलकांचा नकाशा राज्य करतो, तो असा.

मागण्या पाच आहेत आणि एकही अवाजवी नाही. सार्वजनिक यंत्रणेने पाण्याचा स्रोत दाखवल्याशिवाय मोठ्या गृहप्रकल्पाला परवानगी नको. पाणी येईपर्यंत टँकरने पुरवू, या विकासकाच्या हमीपत्रावर भोगवटा प्रमाणपत्र देणे बंद व्हावे. नव्या भागाच्या नकाशावर पहिली रेघ ओढ्याची आणि पूररेषेची पडावी, रस्ता त्यानंतर. रिंगरोडच्या दोन्ही बाजूंना रस्ता होण्याआधी नगररचना योजना मंजूर व्हाव्यात, म्हणजे वाढलेल्या किमतीतला वाटा शेतकऱ्याला आणि गावाच्या सोयींनाही मिळेल. आणि गाव हद्दीत घेण्याच्या दिवशीच तिथल्या माणसांना निवडून दिलेला प्रतिनिधी असावा.

यामुळे घरे महागतील, असा आक्षेप येईल. आजचे स्वस्त घर खरोखर स्वस्त आहे का, हे टँकरची वही पाहून ठरवावे. यामुळे वाढ मंदावेल, असेही म्हटले जाईल. मंदावू द्यावी. रोजगार आणि शिक्षण इथे आहे तोवर मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तरेतून माणसे पुण्याला येत राहणार आणि त्यांचे स्वागतच व्हायला हवे. पण येणाऱ्याला नळाचे पाणी आणि मतदानाचा वॉर्ड देऊ शकत नसू, तर त्याला घर विकण्याचा अधिकार या शहराला नाही. पुण्याची पुढली हद्द ठरवताना हीच कसोटी लावावी. जिथे ती पार पडत नाही, तिथला फलक उतरवायला लावणे हे सरकारचे काम आहे, आणि ते करवून घेणे आपले.