आजची भाकर, आजचे काम



'बघू', 'उद्या करू', 'दिवाळी होऊ द्या', 'कारखान्यावरून आल्यावर बोलू'. असे शब्द आपल्या सिरसाळ्यात घरोघरी ऐकू येतात. चांगले काम करायचे आपल्या मनात असतेच, फक्त ते आज करायचे नसते. भावाशी धरलेला अबोला सोडायचा आहे, पापनिवेदनाला जायचे आहे, आईचे डोळे तपासून घ्यायचे आहेत. सारे ठरलेले असते आणि सारे राहून जाते.

पवित्र शास्त्रात अशाच एका माणसाची गोष्ट आहे (प्रेषितांची कृत्ये, अध्याय 24). संत पौल कैसरियात कैदेत होता. सुभेदार फेलिक्सने त्याला बोलावून त्याचे म्हणणे ऐकले. पौल नीतिमत्त्व, संयम आणि पुढे होणारा न्याय यांविषयी बोलू लागला, तेव्हा फेलिक्स घाबरला. म्हणजे शब्द त्याच्या काळजाला भिडला होता. पण त्याने पौलाला परत पाठवले आणि सवड झाली की बोलावतो असे सांगितले. पुढे त्याने पौलाला पुष्कळदा बोलावलेही, पण पैसे मिळतील या आशेने. अशी दोन वर्षे गेली. फेलिक्सच्या जागी दुसरा सुभेदार आला आणि पौल तुरुंगातच राहिला. फेलिक्सने प्रभूला 'नाही' म्हटले नव्हते. त्याने फक्त 'नंतर' म्हटले होते.

आपण कामे पुढे का ढकलतो? प्रत्येक वेळी आळसामुळे नाही. दिवसभर रानात राबलेल्या माणसाला आळशी कोण म्हणेल? पुष्कळदा काम एवढे मोठे दिसते की हात लावायची भीती वाटते. दहा वर्षांचे भांडण एका दिवसात कसे मिटणार? इतक्या वर्षांची पापे फादरांना कशी सांगणार? मग आपण डोळे मिटून घेतो.

इस्राएल लोक रानात असताना देवाने त्यांना मान्ना दिला, तो रोजच्या रोज. कोणी दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवला तर त्यात किडे पडत. फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवशी दोन दिवसांचा गोळा करायचा असे. प्रभू येशूनेही आपल्याला रोजची भाकर आज मागायला शिकवले, वर्षाची कणगी एकदम मागायला नाही. देव आजच्या कामापुरते बळ आज देतो. उद्याचे बळ आज हातात नसते, म्हणून उद्याचा डोंगर आज पेलवत नाही. पण आजचा वाटा पेलवतो.

आपल्या शेजारच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात फादर हर्मन बाकर या स्विस येशूसंघीय धर्मगुरूंनी अनेक वर्षे दुष्काळी गावांत काम केले. 1989 साली त्यांच्या पुढाकाराने जर्मनीच्या मदतीने पाणलोट विकासाचा कार्यक्रम सुरू झाला. त्यात आधी गावाने श्रमदान करायचे, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळायची, मग पुढचे काम. हे काम माथ्यापासून पायथ्याकडे चालते. उतारावर चर खोदायचा, ओघळीत दगड रचायचे, बांध घालायचा. एका चरात थोडेसेच पाणी अडते. पण असे चर सगळ्या उतारावर झाले की धावणारे पाणी चालू लागते, चालणारे थांबते आणि थांबलेले जमिनीत मुरते. मात्र चर पावसाच्या आधी खोदलेला हवा. तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही, हे आपल्या मराठवाड्याला वेगळे सांगायला नको. 2016 साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते आपण विसरलेलो नाही.

आत्म्याचेही असेच आहे. लिस्यूची संत तेरेजा 1888 साली पंधराव्या वर्षी मठात गेली आणि 1897 साली चोविसाव्या वर्षी देवाघरी गेली. तिने कुठे मोठे कार्य उभारले नाही. झाडलोट, कपडे धुणे, न आवडणाऱ्या भगिनीकडे पाहून हसणे, हीच तिची साधना. ही कामे तिने त्या त्या वेळी, प्रेमाने केली. 1997 साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिला ख्रिस्तसभेची धर्मपंडिता म्हणून घोषित केले.

तेव्हा या आठवड्यात आपण काय करू या? प्रत्येकाने राहून गेलेले एकच काम निवडावे आणि त्याचा लहानसा तुकडा आजच करावा. भावाशी बोलणे नसेल तर सगळा हिशेब आज काढू नये. त्याच्या दारावरून जाताना 'दादा, बरं आहे ना?' एवढेच विचारावे. पापनिवेदन राहिले असेल तर आज रात्री पाच मिनिटे बसून मन तपासावे आणि मिस्सापूर्वी कधी यायचे ते फादरांना विचारून ठेवावे. घरची प्रार्थना बंद पडली असेल तर रोझरीचे एक दशक म्हणावे. आईचा दवाखाना राहिला असेल तर कोणत्या दिवशी न्यायचे ते आज तिलाच सांगावे.

आपल्यातील कितीतरी कुटुंबे उचल घेऊन कोयत्यावर जातात आणि पाच-सहा महिने गाव सोडतात. गाडी निघायच्या दिवशी भांडीकुंडी आणि पोरेबाळे आवरण्यातच वेळ जातो. मुलांच्या शाळेसाठी गुरुजींना भेटणे, म्हाताऱ्यांच्या औषधाची सोय आणि रागावलेल्या माणसाची समजूत, ही कामे त्याआधीच एकेक करून उरकू या. परत येऊ तेव्हा ज्याच्याशी बोलायचे होते तो माणूस ओसरीवर बसलेला असेलच, असे आपल्याला कोणी लिहून दिलेले नाही.

हे प्रभो, उद्याची काळजी आम्ही तुझ्या हाती सोपवतो. आजचे लहानसे काम आज करण्याचे बळ आम्हांला दे. आमेन.